प्रोमोटर उघडा दिसतो पण आरएनए वाढत नाही: क्रोमॅटिन आणि जीन यांचं नेमकं नातं काय

प्रश्न असा आलाय की ट्रीटमेंटनंतर ॲटॅक-सीकमध्ये (क्रोमॅटिन, म्हणजे प्रथिनांभोवती गुंडाळलेला डीएनए, कुठे उघडा आहे ते दाखवणारी पद्धत) एका जीनचा प्रोमोटर (जिथून त्याचं वाचन सुरू होतं तो भाग) स्वच्छ उघडलेला दिसतो, रेप्लिकेट्सही जुळतात, पण आरएनए-सीकमध्ये (पेशीतला आरएनए मोजणारी पद्धत) तो जीन जागचा हललेला नाही. पुस्तकात तर सैल क्रोमॅटिन म्हणजे जीन चालू, घट्ट म्हणजे बंद असं दिलंय, मग चूक कुठे झाली? आणि त्याला जोडून दुसरा प्रश्न, की गाइड म्हणतात फिश (जीनला चमकणारा रंग लावून तो केंद्रकात कुठे आहे ते सूक्ष्मदर्शकात बघणं) करून तो जीन केंद्रकाच्या कडेवरून आत सरकलाय का ते बघा, म्हणजे विषयच संपेल, तर ते करावं का.

मी स्वतः बरीच वर्षं फिश आणि हाय-सी (डीएनएचे कुठले भाग एकमेकांजवळ येतात त्याचा नकाशा काढणारी पद्धत) या दोन्हींवर काम करतोय, त्यामुळे सरळ सांगतो. तुमचा डेटा बहुधा बरोबर आहे. पुस्तकातलं वाक्यही खोटं नाही, पण ते इतकं आखूड करून सांगितलेलं असतं की त्यातून नेमकी चुकीची अपेक्षा तयार होते. आणि फिशने विषय संपणार नाही. का ते नीट सांगतो, थोडं लांबेल.

आधी मापं डोळ्यासमोर आणा, कारण यात सगळा गोंधळ मापांचाच होतो. माणसाच्या एका पेशीत साधारण २ मीटर डीएनए असतो आणि केंद्रक असतं १० मायक्रोमीटरच्या आसपास. सगळ्यात खालची पायरी न्यूक्लिओसोम, म्हणजे चार प्रकारच्या हिस्टोन प्रथिनांचे प्रत्येकी दोन रेणू आणि त्यांच्याभोवती जेमतेम पावणेदोन वेढे घेतलेला १४७ बेस जोड्यांचा डीएनए. त्याच्या वर मग लूप, त्यांच्या वर टॅड नावाचे भाग (ज्यांच्या आतला डीएनए आपसातच जास्त भेटतो), एक लाखापासून दहा-वीस लाख बेसपर्यंतचे, त्यांच्या वर ए आणि बी कंपार्टमेंट (साधारण सक्रिय आणि शांत भाग), आणि सगळ्यात वर प्रत्येक गुणसूत्राचा केंद्रकातला स्वतःचा इलाखा. "क्रोमॅटिनची रचना" म्हटलं की लोक या पाचही गोष्टी एकाच दमात बोलतात, पण जीनच्या कामाशी या प्रत्येकीचं नातं वेगळं आहे. माझं मत विचाराल तर जितकं खाली जाल तितकं नातं थेट, आणि जितकं वर जाल तितकं ते सैल आणि परिस्थितीवर अवलंबून. हे एवढं डोक्यात ठेवलं तरी अर्धे पेपर वेगळ्या नजरेने वाचले जातात.

(मध्येच एक, ३० नॅनोमीटरचा फायबर जो प्रत्येक पुस्तकात काढलेला असतो तो विसरा. टेस्ट ट्यूबमध्ये काढलेल्या क्रोमॅटिनमध्ये तो दिसतो, पण जिवंत पेशी झटक्यात गोठवून बघितल्या तेव्हा बहुतेक पेशींत तो सापडलाच नाही. २०१७ मध्ये डीएनएलाच रंगवून इलेक्ट्रॉन टोमोग्राफी केली तेव्हा ५ ते २४ नॅनोमीटर जाडीच्या वेड्यावाकड्या साखळ्या दिसल्या, सक्रिय भागात विरळ आणि बंद भागात दाट. म्हणजे घट्ट-सैल हा फरक खरा, पण तो पायऱ्यापायऱ्यांच्या सुबक गुंडाळीतून येत नाही, दाटीतून येतो.)

आता न्यूक्लिओसोमची पायरी. इथे नातं खरंच थेट आहे. प्रोमोटरवर न्यूक्लिओसोम घट्ट बसलेला असेल तर पॉलिमरेज (आरएनए लिहिणारं एन्झाइम) आणि त्याचे साथीदार तिथे उतरूच शकत नाहीत, म्हणून पेशीला एटीपी खर्चून तो सरकवावा किंवा उखडावा लागतो, आणि ते काम करणारी स्विस्निफसारखी कॉम्प्लेक्सेस इतकी महत्त्वाची आहेत की माणसातल्या जवळपास २० टक्के कॅन्सरमध्ये त्यांच्या कुठल्या ना कुठल्या सबयुनिटमध्ये म्युटेशन सापडतं. पण नीट बघा, इथेसुद्धा उघडं असणं ही अट आहे, काम चालू असल्याचा पुरावा नाही. दार उघडं आहे म्हणून घरात कोणी आहेच असं होत नाही.

हे काही आजचं ज्ञान नाही. १९७६ मध्ये वाइनट्रॉब आणि ग्राउडीन यांनी कोंबडीच्या भ्रूणातल्या लाल रक्तपेशींची केंद्रकं घेऊन त्यांच्यावर डीएनेज-१ हे एन्झाइम अगदी थोडं चालवलं. ग्लोबिनचा जीन पटकन तुटला. त्याच पेशींतला अंड्यातल्या प्रथिनाचा, ओव्हाल्ब्युमिनचा जीन मात्र टिकला, आणि दुसऱ्या ऊतींच्या पेशी घेतल्या तर तिथे ग्लोबिनही टिकला. म्हणजे ज्या पेशीत जो जीन लागतो तो तिथे उघडा. इथपर्यंत पुस्तकात असतं. पण पुढे हेही दिसलं की पूर्ण वाढ झालेल्या लाल पेशीत, जिथे ग्लोबिनचं ट्रान्सक्रिप्शन (जीनवरून आरएनए लिहिणं) थांबलेलं असतं, तिथेही तो भाग उघडाच राहतो. ॲटॅक-सीक आलं २०१३ मध्ये, म्हणजे त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याला माहीत आहे की उघडेपणा म्हणजे क्षमता.

तुमच्या डेटात जे दिसतंय त्याला मला लगेच सुचणारी कारणं म्हणजे एक तर पॉलिमरेज प्रोमोटरवर येऊन थबकलेलं असू शकतं. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण फळमाशीतला एचएसपी७० जीन. माशीला उष्णतेचा धक्का बसायच्या आधीच त्याचा प्रोमोटर उघडा असतो, पॉलिमरेज तिथे बसलेलं असतं, नुसतं बसलेलं नाही तर २०-४० बेसचा आरएनए लिहूनही झालेला असतो आणि तिथे ते अडकून थांबलेलं असतं. तापमान वाढलं की पी-टेफ-बी नावाचं कायनेज येऊन त्याला सोडतं आणि काही मिनिटांत पूर्ण आरएनए धडाधड तयार व्हायला लागतो. धक्क्याआधी ॲटॅक केलं असतं तर तुमच्यासारखाच आलेख आला असता, उघडा प्रोमोटर आणि आरएनए जवळपास शून्य. आणि हे उष्णतेच्या जीनपुरतं नाही, सस्तन प्राण्यांच्या बऱ्याचशा जीन्समध्ये पॉलिमरेज असं थबकतं.

दुसरी शक्यता म्हणजे उघडणारा घटक दाबणारा असू शकतो. ॲटॅकमधली ट्रान्सपोजेज (उघड्या डीएनएला कापणारं एन्झाइम) फक्त एवढंच सांगते की इथे मला शिरायला जागा मिळाली. रिप्रेसर बसला तरी न्यूक्लिओसोम हलतो, सीटीसीएफ (डीएनएवर बसणारं एक प्रोटीन) बसला तरी हलतो. शिवाय फॉक्स-ए सारखे पायोनियर फॅक्टर असतात ते बंद क्रोमॅटिनमध्येही शिरून जागा करून ठेवतात आणि खरं काम पुढे कधीतरी दुसरा घटक येऊन करतो, त्यामुळे आज उघडलेलं दार पुढच्या टप्प्यासाठी असू शकतं.

तिसरी गोष्ट साधी आहे पण मला सगळ्यात जास्त वेळा हीच सापडते. आरएनए-सीक साठा मोजतं, वेग मोजत नाही. ज्या जीनचा एमआरएनए तासन्‌तास टिकतो त्याचं ट्रान्सक्रिप्शन आत्ता दुप्पट झालं तरी दोन तासांनी साठ्यात फार फरक दिसत नाही. म्हणून आधी तुमच्याच डेटातले इंट्रॉनमधले (नव्या आरएनएत असणारा पण नंतर कापून टाकला जाणारा भाग) रीड्स मोजा, त्याला एक पैसाही जास्तीचा लागत नाही. ते वाढले असतील तर जीन चालू झालाय आणि तुम्ही लवकर मोजलंत, बस. नसतील वाढले तर प्रो-सीक (पॉलिमरेज आत्ता कुठे लिहितंय ते) किंवा निदान पॉलिमरेजचं चिप (ते डीएनएवर कुठे बसलंय ते) करून थबकलंय का बघा. आणि कल्चर मिश्र असेल, म्हणजे थोड्याच पेशींनी प्रतिसाद दिला असेल, तर सरासरीत दोन्ही संकेत वेगवेगळ्या प्रमाणात दडपले जातात, तेही तपासा.

हिस्टोनवरच्या खुणांबद्दल फार लिहीत नाही, कारण तो वेगळाच मोठा विषय आहे. एवढंच की सगळ्या खुणा एका मापाने तोलू नका. एच३के२७ चं (एच३ हिस्टोनच्या २७ व्या लायसिनचं) मिथिलेशन हे दाबण्याचं खरंच कारण आहे, कारण फळमाशीत त्या जागचं लायसिन बदलून आर्जिनिन केलं की जीन दाबून ठेवणारं पॉलीकोम्ब प्रोटीन काढल्यासारखेच परिणाम दिसतात. उलट ट्रान्सक्रिप्शन चालू असलेल्या जीनच्या अंगावर सापडणारं एच३के३६ मिथिलेशन करणारं एन्झाइम पॉलिमरेजच्या शेपटीला धरूनच फिरतं, म्हणजे ती खूण ट्रान्सक्रिप्शन झाल्यामुळे पडते. दोन्ही हीटमॅपवर सारख्याच ठसठशीत दिसतात, आणि तिथेच माणूस फसतो.

आता टॅड आणि लूप. इथे मला जरा थांबायचंय, कारण गेल्या दहा-पंधरा वर्षांत या विषयात सगळ्यात जास्त उलथापालथ इथेच झाली. २०१२ मध्ये टॅड सापडले तेव्हा चित्र फार आकर्षक होतं. कोहेसिन या प्रोटीनची कडी डीएनएचा लूप ओढत ओढत मोठा करते, सीटीसीएफ समोरासमोर तोंड करून बसलेला असला की तिथे थांबते, आणि त्या हद्दीच्या आतला एन्हान्सर (जीनला दुरून चालना देणारा डीएनएचा भाग) आतल्याच जीनला चालवतो. २०१५ मध्ये ईपीएचए४ जीनच्या आसपासचं काम आलं आणि ते बघून तर खात्रीच पटल्यासारखं झालं. काही कुटुंबांत बोटं आखूड, काहींत जोडलेली, काहींत जास्तीची, आणि प्रत्येकाच्या डीएनएत त्या भागात तुकडा गळलेला, उलटलेला किंवा दुप्पट झालेला. ज्या जीन्समुळे बोटं बिघडली ते शाबूत होते, मोडली होती ती टॅडची हद्द, त्यामुळे हातपायांत काम करणारा एन्हान्सर शेजारच्या भलत्याच जीनला चालवायला लागला होता. उंदरात तेच बदल केले तर तसेच पंजे आले. हा पुरावा आजही पक्का आहे.

पण मग २०१७ मध्ये कोहेसिन थेट नष्ट करून बघितलं. माणसाच्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशीत कोहेसिनचा एक भाग असा बदलला होता की ऑक्सिन हे रसायन टाकलं की काही तासांत तो नाहीसा व्हावा. झाला, आणि हाय-सीच्या नकाशावरचे सगळे लूप पुसले गेले. अपेक्षा अशी की जीन्सचा कारभार कोलमडेल. तसं झालं नाही, त्या काही तासांत बहुतेक जीन्समध्ये बदल किरकोळ होता. मग २०१९ मध्ये फळमाशीच्या बॅलन्सर गुणसूत्रांवर काम झालं, ज्यांत तुकडे इकडचे तिकडे जाऊन कित्येक टॅड मोडलेले असतात, आणि तिथेही बहुतेक जीन्स आपापलं काम व्यवस्थित करत होते.

मग खरं काय? दोन्ही खरं आहे, आणि ते एकाच ठिकाणी बघायचं तर सॉनिक हेजहॉग जीन बघा. हातपाय तयार होताना त्याला चालवणारा झेडआरएस नावाचा एन्हान्सर सुमारे १० लाख बेस लांब, दुसऱ्याच एका जीनच्या इंट्रॉनमध्ये बसलाय. उंदरात तो काढून टाकला तर कोपर-गुडघ्याच्या पुढचा भाग नीट तयारच होत नाही, म्हणजे तो किती अत्यावश्यक आहे बघा. आता एन्हान्सर जागेवर ठेवून फक्त लूप धरून ठेवणाऱ्या सीटीसीएफच्या जागा काढल्या. जीनचं काम साधारण निम्म्यावर आलं, आणि पंजे? नॉर्मल. पण तोच एन्हान्सर आधी थोडा कमजोर करून मग लूप काढला तर बोटं गायब व्हायला लागली. म्हणजे लूप हा चालू-बंदचा खटका नाही, तो आधार आहे, सगळं ठणठणीत असताना त्याच्याविना भागतं, कुठे तोळामासा कमी पडलं की त्याची किंमत कळते. मॅक्रोफेजमध्येही (जंतू गिळणाऱ्या पेशी) तसंच, कोहेसिन नसलं तर नेहमीची घरगुती कामं करणारे जीन्स चालत राहतात, पण जंतूंचा इशारा मिळाल्यावर झटक्यात चढायचे जे जीन्स ते नीट चढत नाहीत. तुमचा जीन ट्रीटमेंटला प्रतिसाद देणारा आहे, त्यामुळे हा फरक तुमच्या कामाचा आहे.

आणि लूप म्हणजे कायमची बांधलेली गाठ असं चित्र मनात असेल तर तेही काढा. उंदराच्या स्टेम सेलमध्ये एका लूपची दोन्ही टोकं रंगवून जिवंत पेशीत बघितली, २०२२ मध्ये, तर तो लूप पूर्ण जुळलेला फक्त ३ ते ६ टक्के वेळ असायचा, आणि जुळला की १० ते ३० मिनिटांत सुटायचा. हाय-सीवर दिसणारा तो ठळक ठिपका लाखो पेशींची बेरीज असते.

मात्र यावरून लूप निरुपयोगी असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. २०१२ चाच एक प्रयोग आहे, ज्यात गाटा-१ (ग्लोबिन चालू करायला लागणारं प्रोटीन) नसलेल्या लाल पेशींच्या पूर्वपेशी घेतल्या, त्यांत बीटा-ग्लोबिन जवळपास बंद असतो, आणि एलडीबी१ हे प्रोटीन झिंक फिंगरला (ठरावीक डीएनएला चिकटणारा प्रोटीनचा तुकडा) जोडून मुद्दाम प्रोमोटरवर नेऊन बसवलं. दूरचा नियंत्रक भाग आणि प्रोमोटर जवळ आले आणि ग्लोबिन बऱ्यापैकी चालू झाला, गाटा-१ नसतानाही. हा मला या क्षेत्रातला फार प्रामाणिक प्रयोग वाटतो, कारण इथे नुसता संबंध दाखवलेला नाही, रचना बदलली आणि मग काय झालं ते बघितलं.

आता फिशचा प्रश्न. कडेला असलेला जीन बंद आणि आतला चालू, ही समजूत लॅमिनाच्या नकाशांमुळे घट्ट झाली. केंद्रकाच्या आतल्या अस्तराला चिकटलेले भाग जीनोमच्या एक तृतीयांशाहून जास्त आहेत आणि तिथले जीन्स बहुतेक शांत असतात, हे अगदी खरं. पण २००८ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी जीनला मुद्दाम ओढून कडेला बांधलं. एकाकडे जीन दबला, दुसऱ्यांकडे काही दबले काही नाही, तिसऱ्यांकडे कडेला बसूनसुद्धा जीन व्यवस्थित चालू झाला. आणि निशाचर सस्तन प्राण्यांच्या डोळ्यातल्या दंडपेशी बघा, उंदराच्या वगैरे. तिथे केंद्रक चक्क उलटं असतं, दाट हेटेरोक्रोमॅटिन मधोमध आणि सक्रिय जीन्स कडेला, प्रकाश कमी विखुरावा म्हणून झालेली ही रचना आहे, आणि त्या पेशी आपलं काम उत्तम करतात. एखाद्या जीनने केंद्रकाच्या मध्यावर असलंच पाहिजे असा नियम असता तर ही पेशी जगलीच नसती.

तुमच्यासाठी मात्र सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग २०१४ चा आहे. उंदराच्या स्टेम सेलमध्ये कडेला बसलेल्या काही जीन्सवर कृत्रिम ॲक्टिव्हेटर पाठवले, जीन्स चालू झाले आणि आत सरकले. इथपर्यंत अपेक्षितच. मग ॲक्टिव्हेटरऐवजी क्रोमॅटिन फक्त सैल करणारा एक छोटा आम्लधर्मी पेप्टाइड पाठवला. जीन चालू झाला नाही, आरएनए नाही, तरी तो आत सरकला. म्हणजे सरकणं हे सैल होण्यामुळे, ट्रान्सक्रिप्शनमुळे नव्हे. तुमचा प्रोमोटर उघडलाय हे तुम्हाला ॲटॅकमधून कळलंच आहे (अर्थात तो प्रयोग प्रोमोटरच्या ठिपक्यापेक्षा बऱ्याच मोठ्या भागाच्या सैल होण्याबद्दल आहे, हे गाइडना सांगताना ध्यानात ठेवा). फिशमध्ये जीन आत सरकलेला दिसला तर त्यातून ट्रान्सक्रिप्शनबद्दल नवीन काहीच कळणार नाही, आणि नाही सरकला तरी काही खोडलं जाणार नाही. ज्या प्रयोगाचं कुठलंही उत्तर आलं तरी तुमचं म्हणणं बदलत नाही तो प्रयोग आधी करू नका.

त्याऐवजी वेळ आणि रीएजंट इथे घाला. इंट्रॉनचे रीड्स झाले, पॉलिमरेज बघून झालं, की डेड कॅस९ ला (डीएनए न कापता ठरवलेल्या जागी जाऊन बसणारं प्रोटीन) क्रॅब (दाबणारा तुकडा) जोडून तो उघडलेला भाग बंद करा आणि ट्रीटमेंट द्या. मग उलट, ट्रीटमेंट न देता डेड कॅस९ ला पी३०० चा एसिटिलेज भाग (जीन चालू करायला मदत करणारा) जोडून तिथेच पाठवा आणि जीन चढतो का बघा. पहिल्यातून तो भाग लागतो का ते कळेल, दुसऱ्यातून तेवढंच पुरतं का ते कळेल. निष्क्रिय केलेला पी३०० कंट्रोल म्हणून हवाच, नाहीतर नुसतं कॅस९ तिथे बसल्याचा परिणाम तुम्ही एसिटिलेशनच्या नावावर लिहाल. जवळपासचे इतर उघडे भागही यादीत घ्या, कारण बदल प्रोमोटरवर दिसत असला तरी ताबा लांबच्या एन्हान्सरकडे असू शकतो, आणि सर्वात जवळचा एन्हान्सर तोच आपला असं गृहीत धरू नका, सॉनिक हेजहॉगचं वर सांगितलंच.

आणि गाइड फिशवर ठामच असतील तर करा, पण नीट करा. डीएनए फिशसोबत त्याच पेशीत त्या जीनच्या इंट्रॉनचं आरएनए फिश लावा, म्हणजे कुठल्या पेशीतला कुठला ॲलील (जीनची प्रत) आत्ता चालू आहे ते कळेल आणि चालू-बंद ॲलीलची जागा एकाच केंद्रकात शेजारी शेजारी तोलता येईल, तेव्हा कुठे त्या मोजमापाला अर्थ येतो. आरएनए आधी टिपा आणि मग डीएनए डीनेचर करा, उलटं केलंत तर उष्णतेत आरएनए जातो. पेशी पॅराफॉर्मल्डिहाइडने फिक्स करा, मिथेनॉल-ॲसिटिक ॲसिडने केंद्रक चपटं होतं. फायब्रोब्लास्टसारख्या पसरलेल्या पेशी असतील तर केंद्रकाची उंची मुळातच कमी असते, जीन वरच्या किंवा खालच्या पडद्याला टेकलेला असला तरी झेड-स्टॅक (वेगवेगळ्या खोलीवर घेतलेले फोटो) चपटा करून बघितला की तो मधोमध दिसतो, म्हणून अंतर तिन्ही मितींत मोजा आणि केंद्रकाच्या आकाराने भागा, कारण ट्रीटमेंटने केंद्रकच फुगलं तर सगळेच जीन आत सरकल्यासारखे दिसतील. एक न बदलणारा जीन दुसऱ्या रंगात त्याच स्लाइडवर ठेवा. आणि मोजणाऱ्याला कुठली स्लाइड ट्रीटमेंटची ते कळू देऊ नका.